पाण्यावरचा बांध

पाणी उतरू लागले की धक्क्याच्या पायऱ्यांवर गाळ दिसतो. तो त्या दिवशी आलेला नसतो. वर्षभर कणाकणाने बसलेला असतो. किश्श्यांचे तसेच आहे. घडत असताना त्यांना कोणी किस्सा म्हणत नाही. तंटा म्हणतात, कटकट म्हणतात, किंवा थेट माझ्या दारात येऊन ‘सर, तुमीच सांगा आता’ असे म्हणतात. पुढे कधी देवळाच्या ओट्यावर मंडळी निवांत बसली, की तो गाळ आपोआप उघडा पडतो.

मी कमी बोलणारा माणूस आहे. निमगाव केतकीच्या शाळेत संस्कृत शिकवले आणि मौनाचे महत्त्व मुलांना ओरडून सांगितले. निवृत्तीनंतर मुलाच्या शेतावर, इंदापूरच्या या टोकाला, उजनीच्या पाण्याकाठी राहायला आलो. महादेवाच्या देवळात सकाळची पूजा मीच करतो. जुने देऊळ धरणाच्या पाण्यात गेले. गावकऱ्यांनी पिंड वर आणली आणि काठावर नवे बांधले. देवळाच्या पायथ्याशी धक्का आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, पक्ष्यांमागे कॅमेरे घेऊन पुण्याचे लोक येतात. ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्यांतल्या काहींनी होड्या घेतल्या.

या होडीवाल्यांच्या मंडळाचा मी अध्यक्ष आहे. निवड बिनविरोध झाली. धक्क्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या कमलने माझी पात्रता एका दमात सांगितली, “सरांना होडी न्हाय, पवता येत न्हाय, आनि दम देता येतोय. आनि काय पायजे?”

\*

पहिले प्रकरण दत्तूतात्यांचे.

तात्या धक्क्यावरचे सर्वांत जुने होडीवाले. पक्षी दिसले की मशीन बंद करून वल्ह्याने पुढे जातात आणि पाहुण्यांना खोकण्याचीही परवानगी देत नाहीत. होडी लावण्याची त्यांची जागा ठरलेली. कारण त्या पाण्याखाली त्यांच्या वडिलांचे रान आहे. धरण झाले तेव्हा तात्या लहान होते. वडिलांनी मरताना खूण सांगून ठेवली होती, “देवळाचा कळस नाकासमोर धर आनि तसाच खाली उतर. तेच आपलं रान, तितंच आपली हीर.” पाणी मागे हटते तशी तात्या होडी मागे घेतात, पण रेष सोडत नाहीत.

त्यांच्या डाव्या हाताला बापूची होडी असते. बापू हा कमलचा नवरा आणि माझा विद्यार्थी. मुलगा गुणी होता; पुढे त्याने स्पीकर घेतला. होडी हलते ती लाटांनी की स्पीकरने, हे ओळखणे कठीण जाते.

एके सकाळी पूजा आटोपून मी बाहेर आलो, तर तात्या ओट्यावर वाट पाहत बसलेले.

“सर, ह्या बापूला माज्या रानातनं उठवा!”

“कुठल्या रानातून?” मी पाण्याकडे पाहिले.

“ह्या!” तात्यांनीही पाण्याकडेच बोट केले. “शेजारी मानूस मेलं तर लोक रेडिओ बंद ठेवत्यात. हितं माजं रान बुडालंया, आनि ह्यो त्याच्या उरावर डीजे लावतोय!”

बापू खालून ओरडला, “तात्या, रान बुडालं तवा माजा जन्म बी न्हवता झाला. किती वर्सं सुतक पाळायचं?”

तात्या माझ्याकडेच वळले. मला म्हणाले, “ह्या साली पानी उतरंस्तवर बघतो. न्हाय थांबलं, तर होडी ट्रॉलीत घालून पल्याड करमाळ्याच्या बाजूला न्हेतो. तितं माजं कायबी बुडाल्यालं न्हाय. पन कानाला शांतता तरी मिळंल.”

बुडालेल्या जमिनीवर मालकी कोणाची आणि तिच्यावरच्या हवेतील आवाज कोणाचा, हे मला कोणत्याही शास्त्रात सापडले नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट होती. तात्या गेले असते, तर एकाच माणसाचे रान दुसऱ्यांदा गेले असते!

\*

तात्यांची पुढची मागणी अशी: दोन्ही होड्यांच्या मध्ये बांध घालून द्या.

“पाण्यावर?”

“मग काय, आभाळात?”

शेवटी फवारणीच्या औषधाचे रिकामे कॅन धुऊन दोरीत ओवले आणि दोन होड्यांच्या मध्ये सरळ ओळीत सोडले. बापूने त्या ओळीच्या पलीकडे राहावे, स्पीकरचे तोंडही पलीकडे ठेवावे, असे ठरले. मी समाधानाने घरी गेलो.

दुसऱ्या सकाळी तात्या पुन्हा ओट्यावर.

“बांध कोरला, सर!”

पाहतो तर कॅनांची ओळ तात्यांच्या बाजूला हातभर सरकलेली. बापू हात वर करून उभा होता. “तात्या, कुदळ दाखवा माज्याकडं! पान्याचा बांध कसा कोरू?”

“वाऱ्यानं सरकलं आसंल,” कमल म्हणाली.

“वारं म्हनं!” तात्या उसळले. “ह्येचा आज्जा बी बांध कोरला की असंच म्हनायचा, बैलानं वढला, बैलानं वढला! आता बैल ऱ्हायलं न्हाईत, म्हून वारं!”

मी दोरीला दगड बांधण्याची आज्ञा केली. दगड येईपर्यंत वारा फिरला आणि ओळ आपोआप बापूच्या बाजूला हातभर सरकली. तात्यांनी ती नीट न्याहाळली.

“ऱ्हाऊ द्या दगूड,” ते म्हणाले. “आता बराबर हाय!”

\*

बारामतीचे रणजितराव या काळात आमच्यात आले. दुधाचा मोठा व्यवसाय, स्वभाव सज्जन. पांढरी शुभ्र बोट घेतली आणि ती आमच्या धक्क्याला आणून बांधली. परदेशात त्यांनी बोटींचे मोठमोठे तळ पाहिले होते. आमच्या धक्क्याला ते ‘मरिना’ म्हणत. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा तात्यांनी मागे वळून पाहिले होते, कोण बाई आली म्हणून.

तिकडचे शिष्टाचार रणजितरावांनी आम्हांला ओट्यावर बसवून समजावले. “बोटी एकमेकींना लागून उभ्या असल्या आणि शेजाऱ्याच्या बोटीवरून पलीकडे जायचं असलं, तर आधी परवानगी मागायची. चपला काढायच्या. पुढच्या टोकाकडून जायचं, बसायच्या जागेतून नाही.”

मला हे फार भावले. परवानगी मागणे, पादत्राणे काढणे. यात धर्म आहे. मी नियम तत्काळ लागू केला.

रविवारी वारा जोराचा होता म्हणून सगळ्या होड्या एकमेकींना बांधलेल्या. रणजितरावांची बोट सर्वांत बाहेर. त्यांचे पुण्याचे पाहुणे चपला हातात घेऊन तात्यांच्या होडीपाशी आले.

“येऊ का?”

“या की! इच्यारायचं काय त्यात? बसा.”

बसावे लागले. तात्यांनी शेंगा पुढे केल्या. ऊस यंदा कसा, पुण्यात पाणी किती वेळ येते, मुले कुठे असतात, हे सर्व झाले. मग बापूची होडी. परवानगी मागताच कमलने चहा टाकला. “तात्याकडं शेंगा खाल्ल्या आनि आमचा चा नगं? आमी काय घोडं मारलंय?” तिच्या पुढच्या होडीवर भाकरी आणि ठेचा निघाला. पाहुणे आपल्या बोटीवर पोहोचले तेव्हा पक्षी पार पलीकडे गेले होते, ऊन डोक्यावर आले होते, आणि परत जायचे तर पुन्हा सगळ्यांची परवानगी मागायची होती!

रणजितराव हात जोडून माझ्याकडे आले. “सर, तिकडे परवानगी म्हणजे नुसती मान हलवतात हो!”

कमलने ऐकले. म्हणाली, “मान हलवून पुढं घालायला पावनं म्हंजी काय म्हस हाय?”

चूक कोणाची, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

\*

मी नियम केला: पक्षी जवळ असताना प्रत्येकाने शांतता राखावी.

बापूने तो शिरसावंद्य मानला. पक्षी जवळ आले, त्याने गाणे बंद केले. धक्का एकदम निवांत झाला. मला भरून आले. तेवढ्यात त्याने माईक हातात घेतला.

“समस्त धक्क्याला विनंती हाय, की शांतता राखावी! आवाज करनाऱ्याची गय केली जानार न्हाय! अध्यक्षांच्या हुकमावरनं!”

आवाज पलीकडच्या टेकडीवर आपटून परत आला. सगळा थवा एकदम उठला. पाण्यावर गुलाबी रंग पसरला आणि कॅमेरे खटखटू लागले. पाहुणे हरखून गेले. उडतानाचे फोटो म्हणे दुर्मीळ असतात. एक गृहस्थ बापूला म्हणाले, “दादा, ती शांततेची सूचना परत एकदा देता का?”

बापूला दंड करावा की शाबासकी द्यावी?

तात्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, “बघा सर. पापाला बी गिऱ्हाईक हाय.”

\*

उपाय शेवटी तात्यांनीच सुचवला. “पाटाच्या पान्यागत पाळी लावा.”

कालव्याचे पाणी आमच्याकडे पाळीने मिळते. ज्याची पाळी त्याच्या रानात पाणी. तोवर बाकीच्यांनी पाटाच्या दाराला हात लावायचा नाही. या नियमावर पिढ्या जगल्या आहेत. मला विचार पटला. आवाजाची पाळी! बापूला त्याच्या पाळीत काय लावायचे ते लावू दे. इतरांपैकी कोणाकडे स्पीकर नाही. त्यांच्या पाळीत आपोआप शांतता. हिशेब इतका सरळ होता, की मी महादेवापुढे नारळ ठेवला.

पहिली पाळी बापूची. गाणी झाली, वेळ संपली, त्याने स्पीकर बंद केला. पुढची पाळी ज्याची होती तो शांत, सात्त्विक गृहस्थ. तंबाखू मळतानाही आवाज करीत नाही. तो उठला, बापूकडे गेला आणि त्याचा स्पीकर मागून घेऊन आला.

“अहो, तुम्हांला गाणी आवडतात?” मी विचारले.

“न्हाय बा.”

“मग?”

“पाळी आली आनि मोकळी सोडायची, सर?”

त्यानंतर प्रत्येकाने पाळी घेतली. ज्याला स्पीकर मिळाला नाही त्याने ताट वाजवले. एकाने मशीन नुसतेच चालू ठेवले. पूर्वी एका होडीवर आवाज होता. आता सकाळपासून दुपारपर्यंत श्वास घेण्याइतकीही फट राहिली नाही!

मग तात्यांची पाळी आली. सगळा धक्का वळून पाहू लागला. मला खात्री होती. निदान इथे तरी शांतता लाभेल. तात्यांनी टोपी नीट केली, वल्हे उचलले आणि होडीच्या कडेवर हाणले. दण्!

“तात्या! तुम्हांला आवाज नको होता ना?”

“नगंच हाय, सर.” दण्! चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा.

“मग हे काय?”

“एकदा पाळी सोडली, की लोक म्हनत्यात ह्येला गरज न्हाय.” दण्! “मागनं पाळी मिळत न्हाय, सर!” दण्!

\*

पाळीचे हे लोण देवळापर्यंत येईल असे मला वाटले नव्हते.

देवळावर भोंगा आहे. सकाळची आरती त्यावरून जाते. एक दिवस आरती संपवून तीर्थ देत होतो. बापूने हात पुढे केला, तीर्थ घेतले, डोळ्यांना लावले आणि अत्यंत नम्रपणे विचारले, “सर, आरती कुनाच्या पाळीत धरायची?”

मी कठोर आवाजात म्हणालो, “देवाला पाळी नसते.”

“तेच म्हनतोय सर. रोज माज्याच पाळीत येती!”

मी तात्यांकडे पाहिले. शांततेचा कैवारी माझी बाजू घेईल, असा विश्वास होता. तात्यांनी प्रसादाचा खडा गालात इकडून तिकडे फिरवला.

उत्तर कमलने दिले. “देवाला पाळी न्हाय, हे खरं. पन भोंगा देवाचा हाय का मानसाचा?”

दुसऱ्या दिवसापासून आरती तोंडाने होते. देवाची तक्रार अजून आलेली नाही.

\*

यंदा पाणी फार उतरले. इतके उतरलेले माझ्या आठवणीत नाही. होड्या मागे मागे सरकत गेल्या आणि एका सकाळी तात्यांची आणि बापूची, दोन्ही होड्या शेजारी शेजारी गाळातच टेकल्या.

तात्यांनी शब्द पाळला. पाणी उतरले होते आणि आवाज थांबला नव्हता. ट्रॅक्टर-ट्रॉली सांगितली. धक्क्यावरची सगळी माणसे जमली. बापू होडीत खाली मान घालून बसला होता; स्पीकर बंद. कमलने तात्यांना चहा दिला आणि म्हणाली, “पल्याड चा कोन देनार हाय तुमाला?” तात्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला.

मी काहीतरी बोलायला हवे होते. सगळे माझ्याकडे पाहत होते.

कप घ्यायला कमल वाकली आणि तशीच थांबली.

“अगं बया! हितं हीर हाय!”

बापूच्या होडीच्या बुडाशी, गाळातून, दगडी विहिरीचा काठ वर आला होता. तात्या धोतर खोचून गाळात उतरले. काठावरचा गाळ त्यांनी दोन्ही हातांनी बाजूला सारला. मोटेच्या दोराने घासून दगडाला खाच पडली होती. त्या खाचेत त्यांनी हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

“आमची हीर,” ते म्हणाले. “हितं बसून मी मोटंचं पानी पेलोय.”

मग त्यांनी मान वर केली. विहिरीला टेकून बापूची होडी. होडीच्या पलीकडे गाळातून निघालेली काळ्या दगडांची सरळ ओळ, जुना बांध. आणि त्या बांधाच्या पलीकडे, दुसऱ्याच्या रानात, तात्यांची होडी.

“तात्या,” बापूने अंदाज घेत विचारले, “पल्याडचं रान आमच्या आज्ज्याचं ना वो?”

तात्यांनी काठावरच्या देवळाकडे पाहिले. कळस अगदी नाकासमोर होता. त्यांच्या होडीच्या नाकासमोर. वडिलांनी सांगितलेली खूण त्यांनी एक दिवसही चुकवली नव्हती.

आधी कमलच्या ध्यानात आले. “आवं, तुमचं नाक बराबर हाय तात्या. देऊळच हाललंया! तुमच्या वडलांनी खालचं सांगितल्यालं, ते बुडाल्यावर वर नवं बांधलं की!”

म्हणजे इतकी वर्षे तात्या बापूच्या रानात बसून बापूला आपल्या रानातून उठवत होते. आणि बापू तात्यांच्या विहिरीवर गाणी लावत होता. तात्यांनी आता माझ्याकडे पाहिले. मी त्या देवळाचा पुजारी आणि या धक्क्याचा अध्यक्ष. मी कळसाला नमस्कार केला.

ट्रॅक्टरवाल्याने हाक दिली, “तात्या, उचलायची का होडी?”

“थांब.”

तात्या विहिरीच्या काठावर बसले. बापू होडीतून उतरून त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

“बापू, आज पाळी कुनाची?”

“माजी हाय.”

“मग लाव की.”

“नगं तात्या,” बापू म्हणाला. “हिरीवर कोन गानी लावतंय व्हय?”

ट्रॉली रिकामी परत गेली.

पुढे वरच्या धरणांतून पाणी सुटले. विहीर गेली, बांध गेला, पुन्हा सगळीकडे सारखे पाणी झाले. आता प्रत्येक जण आपापल्या रानावर होडी लावील, अशी माझी अपेक्षा होती. न्याय तोच होता, आणि तो या वेळी तरी मला स्पष्ट दिसत होता. खात्री करून घ्यावी म्हणून मी सकाळी पूजा आटोपून खाली उतरलो.

दोन्ही होड्या जुन्याच जागी होत्या. तात्यांची कळसाच्या रेषेत, बापूची तिच्या डाव्या हाताला. बापूची पाळी असावी. गाणे चालू होते. तात्या शेंगा सोलत बसले होते.

“तात्या, ही जागा तर…” मी सुरुवात केली.

तात्यांनी मला हात दिला. उपरण्याने फळी पुसली आणि स्वतः कडेला सरकले.

“या सर, बसा. रान बापूचं हाय, पन आपलंच समजा!”